दुसरा घास अण्णांचा

फोटोतलं मूल वल्लरीचं आहे, हे फोटोच्या पाठीमागे लिहिलं होतं म्हणून कळलं. एरवी ते कोणाचं आहे, किंबहुना ते मूलच आहे, हे सांगणं अवघड होतं. मांडीत फुटलेला केक, केसांत केक, कानांत केक आणि त्या सगळ्या राड्यातून डोकावणारे दोन दात. वल्लरी ही चारुशीलाची धाकटी बहीण. लग्न होऊन अमेरिकेला गेल्यापासून तिकडच्या चालीरीती इकडे कळवण्याचं काम ती नेमानं करत असे. तिच्या ओळखीत म्हणे पहिल्या वाढदिवसाला मुलापुढे अख्खा केक ठेवतात, त्यानं त्याची पुरती वाट लावली की फोटो काढतात आणि मग सगळे टाळ्या वाजवतात.

"रानटीपणा आहे," चारुशीलाचा नवरा सुमंत म्हणाला.

"आपल्या ऋचाचा पहिल्या वाढदिवसाला असाच काढायचा," चारुशीला म्हणाली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. संसारात असे ठराव रोज मांडले जातात आणि रोज बारगळतात. पण रविवारी वल्लरीचा फोन आला आणि सुमंतच्या तोंडून निघून गेलं, "अगं, तुझ्या लेकानं काहीच केलं नाही. आमची ऋचा बघ कशी माखते! फोटो पाठवतोच." सुमंत पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होता. 'प्रकरण विचाराधीन आहे' यापलीकडे त्यानं नोकरीत कुणाला कधी शब्द दिला नव्हता. आणि दिला तो नेमका सासुरवाडीला. सरकारला दिलेला शब्द फिरवता येतो, सासुरवाडीला दिलेला फिरवला तर तो पुढच्या तीन पिढ्यांना ऐकावा लागतो.

अडचण केकची नव्हती. अडचण अण्णांची होती.

अण्णा म्हणजे सुमंतचे वडील, अनंतराव. वाईच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मधल्या सुट्टीत ते वर्गावर्गांतून फिरत, ते कोणी डब्यात काही टाकलंय का हे बघायला. त्यांचे विद्यार्थी पुढे वकील झाले, डॉक्टर झाले, पण ती धास्ती गेली नाही. एकदा साताऱ्यातल्या एका लग्नात अण्णा पंगतीतून सहज चालत गेले, तर एका मामलेदारानं घाईघाईनं पानातली तळणीची मिरचीसुद्धा देठासकट खाल्ली होती.

बरं, अण्णा रागावत नसत. रागावले असते तर सोपं होतं. घरात कोणी अन्न टाकलं की ते स्वतः जेवण सोडत. सुमंत सात वर्षांचा असताना त्यानं अर्धा लाडू परसात भिरकावला होता, तेव्हा अण्णा दिवसभर पाण्यावर राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. तो लाडू सुमंतच्या घशात अजून होता. आता अण्णा पंचाहत्तरीला आले होते, सुमंतची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ह्या वयाचा माणूस एका केकपायी उपाशी राहिला तर जन्मभर कसं तोंड दाखवायचं, ही सुमंतची खरी भीती होती.

त्यातून ऋचाचं जेवण हे खातं अण्णांकडे होतं. दुपारी आजोबा-नात समोरासमोर बसत. पहिला घास ऋचाचा. दुसरा घास ऋचानं आपल्या मुठीनं अण्णांच्या तोंडात घालायचा. मग पुन्हा ऋचाचा. "एकट्यानं खाणं ही चोरी," असं अण्णा तिला सांगत आणि ती मान डोलवी. वर्षाच्या पोरीच्या झबल्यावर शीत सांडलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं. शेजारणी आपल्या पोरांना दाखवायला तिला घेऊन जात. सुमंतला या गोष्टीचा अभिमान वाटे. आता त्यावरच पाणी सोडायची वेळ आली होती.

सुदैवानं अण्णांच्या हिशेबी वाढदिवस होऊन गेला होता. तो त्यांनी तिथीनं केला होता. औक्षण, प्रसादाचा शिरा, शिऱ्याचं पातेलं चाटूनपुसून लख्ख. तारखेनं येणारा वाढदिवस त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. तेव्हा तारीख पकडून, त्यांना न कळू देता, गुपचूप उरकायचं असं ठरलं.

गुपचूप म्हणजे काय, हे साताऱ्याच्या मंगळवार पेठेला माहीत नाही. दुसऱ्याच दिवशी ऋचाला न्हाऊ घालायला येणाऱ्या साळूबाई म्हणाल्या, "वैनी, पोरीला आदी सवं लावा. तुमची पोरगी लय सोवळी हाय. येकदम केक बगून बुजंल. आमच्याकडं आणा, म्हशीच्या दावणीला सोडू. घटकाभरात अशी माकंल का तुमाला वळकू यायची न्हाई."

दावणीचा प्रस्ताव चारुशीलानं नामंजूर केला, पण सराव हवा हे तत्त्व मान्य झालं. अण्णा संध्याकाळी चारभिंतीच्या टेकडीकडे फिरायला गेले की घराचं दार लागे आणि ऋचापुढे परात येई. पहिल्या दिवशी मळलेली कणीक. ऋचानं त्यातली एक चिमूट घेतली, तिची गोळी केली आणि परातीच्या काठावर नीट ठेवली. दुसऱ्या दिवशी शिकरण. तिनं मूठ भरली, "आ" म्हणाली आणि हात समोर धरला. सुमंतनं आनंदानं तोंड उघडलं, तर तिनं मूठ मागे घेतली आणि दाराकडे बघू लागली.

"तुझ्या तोंडाला लाव बाळा. असं! असं!" म्हणून सुमंतनं स्वतःच्या गालांना शिकरण फासून दाखवलं. ऋचा त्याच्याकडे फार काळजीनं पाहत राहिली. मग तिनं बाजूचं लाळेरं उचललं आणि बापाचं तोंड पुसलं.

"ही तुमच्यावर गेलीये," चारुशीला म्हणाली. यात निंदा कोणाची होती हे सुमंतला नक्की कळलं नाही, पण लागलं.

केकच्या बाबतीत शेजारच्या लालासाहेबांनी पुढाकार घेतला. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, गावाकडे ऊस, साताऱ्यात बंगली आणि दोन्हीकडे करायला काही नाही. ते म्हणाले, "आवं सुमंतराव, साताऱ्याचा केक नगं. पाचगणीला माजा भाचा हाय अर्जुना, बोर्डिंगच्या शाळंत आचारी. सायबाच्या पोरांस्नी केक करून घालतोय. लय फसक्लास."

"अंडं नको हां, सुभेदार."

"आवं, बिनअंड्याचा. तुमी आर्डर सोडा माज्यावर. सकाळच्या गाडीत घालतोय आन् सातारला उतरवून घेतोय. फौजेत मी तोफा हलवल्यात, केकचं काय घिऊन बसलाय!"

ठरल्याप्रमाणे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी केक पाचगणीहून एका खाजगी गाडीत चढला. गाडीचं नाव सांगत नाही, कारण त्या गाडीचा संबंध पुढे फार लोकांशी आला असेल. लालासाहेब सातारच्या स्टँडबाहेर मिशीला पीळ देऊन उभे राहिले. गाडी आली, थांबली, आणि लालासाहेब फौजेतल्या एका जुन्या सोबत्याला कडकडून भेटत असताना निघून गेली. तोफा हलवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत केक सांगलीला गेला.

"टॅक्टिकल चूक झाली," लालासाहेब म्हणाले आणि दोन दिवस सुमंतच्या दारावरून गेले नाहीत.

त्यातल्या त्यात बरं, की चारुशीलाचं माहेर सांगलीचं. सुमंतनं एसटीडी बूथवरून मेव्हण्याला, अवधूतला, फोन लावला. अवधूत गाडीच्या ऑफिसात गेला. तिथे एक क्लार्क होता. कंपनी खाजगी असली तरी त्याची वृत्ती सरकारी होती. खोक्यावर अर्जुनानं मोठ्या अक्षरांत 'कु. ऋचा' एवढंच लिहिलं होतं. क्लार्क म्हणाला, "माल ऋचाबाईंच्या नावानं आहे. त्यांना पाठवा."

"त्या एक वर्षाच्या आहेत," अवधूत म्हणाला.

"मग त्यांचं अधिकारपत्र आणा. सही येत नसेल तर अंगठा चालेल."

अवधूतनं हे फोनवर सांगितलं तेव्हा तो चिडला होता. सुमंत मात्र विचारात पडला. क्लार्कच्या म्हणण्यात चूक काढायला जागा नव्हती. तो स्वतः त्या खुर्चीत असता तर त्यानं वर दोन साक्षीदारही मागितले असते. त्यानं तिथल्या तिथे मसुदा सांगितला: 'मी खाली अंगठा करणार, कु. ऋचा सुमंत, सज्ञान नसल्याने...' अवधूतनं तो लिहून घेतला आणि वेळ वाचवायला स्वतःचाच अंगठा उठवला. क्लार्कनं तो बराच वेळ निरखला. "वयाच्या मानानं अंगठा मोठा आहे," असा शेरा मारून त्यानं खोकं हवाली केलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन वाढदिवशी, अवधूत केक मांडीवर घेऊन साताऱ्याला निघाला. त्याच्या डोक्यावरच्या फळीवर कोण्या सहप्रवाशाचं हळदीचं पोतं होतं. सांगलीच्या गाडीत हळद नसेल तरच नवल. गाडी प्रत्येक खड्ड्याला मान देत आली आणि प्रत्येक खड्ड्यागणिक पोत्यातून थोडी हळद खोक्याच्या फटीतून आत गेली. घरी येऊन खोकं उघडलं तर गुलाबी केक पिवळाधमक झालेला.

"भावजी, मी हललोसुद्धा नाही हो," नखशिखांत पिवळा झालेला अवधूत म्हणाला.

"हळद लागली, शुब झालं," साळूबाई म्हणाल्या.

अण्णांना सांगण्यासाठी एक कारण सुमंतनं तयार ठेवलं होतं. "अण्णा, ऋचाचं नाव रेशनकार्डावर चढवायचंय. तिचा फोटो काढून आणतो."

"रेशनकार्डाला लहान मुलाचा फोटो लागत नाही."

"नवीन परिपत्रक आहे."

परिपत्रकापुढे अण्णा कधी जात नसत. "बरं," ते म्हणाले, "जेवायच्या वेळेला आणा म्हणजे झालं." बापाशी इतकं सरळ खोटं सुमंत प्रथमच बोलला होता आणि ते इतकं सहज पचलं याचंच त्याला वाईट वाटलं.

उदयसिंहाच्या फोटो स्टुडिओत एकच पडदा होता. त्यावर काश्मीरचा धबधबा आणि त्यात पोहणारे दोन हंस. साताऱ्यातली निम्मी लग्नं त्या हंसांच्या साक्षीनं टिकून होती. उदयसिंहानं पिवळा केक पाहिला, कपाळाला आठी घातली. नवा रोल भरला, दिवे लावले, ऋचाला धबधब्यापुढे बसवलं, आणि केक स्टीलच्या ताटासकट तिच्यापुढे ठेवला.

"हां, आता होऊ द्या धिंगाणा!" तो कॅमेऱ्यामागून म्हणाला.

ऋचानं केककडे पाहिलं. मग सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग केकवरच्या फुलाची एक पाकळी उचलली, मुठीत धरली, "आ" म्हणाली आणि दाराकडे बघू लागली.

चारुशीलानं टाळ्या वाजवल्या. अवधूतनं म्हशीचा आवाज काढला. उदयसिंहानं डोक्यावर काळं कापड घेऊन वाघ केला. ऋचा हात तसाच धरून बसली होती. हाताला रग लागली तशी तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला आणि तिनं असा टाहो फोडला, की बाहेर पासपोर्ट साइजसाठी बसलेला माणूस उठून गेला. पण मूठ तिनं सोडली नाही. रडतानासुद्धा घास खाली पडू दिला नाही.

"भुकेली आहे हो पोर," चारुशीलाचा आवाज बदलला. "जेवायची वेळ झालीये तिची. समोर खाणं आहे आणि खात का नाही?"

तेव्हा सुमंतच्या डोक्यात प्रकाश पडला. पोर बुजली नव्हती, सोवळीही नव्हती. ती थांबली होती. दुसऱ्या घासाचा माणूस आल्याशिवाय जेवण सुरू करणं तिच्या नियमात बसत नव्हतं.

"अण्णांना आणावं लागेल," तो म्हणाला.

"अहो, पण ज्यांच्यापासून लपवायचं..."

"दुसरा उपाय आहे का?"

उदयसिंह घड्याळ बघत म्हणाला, "सायेब, मला मागनं म्हसवडला लगीन हाय. जे काय आणायचं ते बिगीनं आणा."

सुमंत घरी पोचला तेव्हा अण्णा पाटावर बसले होते. समोर ऋचाची छोटी ताटली आणि त्यांचं पान, दोन्ही वाढून ठेवलेली. आमटीवर साय धरली होती. वेळ टळून गेली होती आणि त्यांनी शिताला हात लावला नव्हता.

"इतका वेळ लागतो रेशनकार्डाला?" अण्णांनी विचारलं.

सुमंतनं सगळं सांगितलं. परिपत्रक नसल्याचं, केकचं, परातीतल्या सरावाचं, सांगलीचं. तो वरिष्ठ लिपिक राहिला नव्हता, सात वर्षांचा झाला होता आणि परसात लाडू पडला होता.  सगळं ऐकून अण्णा उठले, दोन्ही पानं झाकली, टोपी घातली, उपरणं घेतलं आणि म्हणाले, "पोर उपाशी आहे ना? चल."

रिक्षात ते टोपी सावरत समोर बघत बसले. सुमंतनं वाटेत दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. आज रात्री ते जेवणार नाहीत हे त्याला दिसत होतं.

स्टुडिओचं दार उघडलं आणि ऋचाचं रडणं तोडल्यासारखं थांबलं. "आ!" ती ओरडली. मूठ अजून धरलेलीच होती. तिच्यातली पाकळी विरघळून कोपरापर्यंत ओघळली होती.

अण्णा तिच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी पूर्ण केक नजरेखालून घातला. "हा एवढा सगळा फेकायचा होता?"

"फेकायचा न्हाई गुर्जी," उदयसिंह चाचरत म्हणाला, "निस्ता माकायचा."

अण्णांनी उत्तर दिलं नाही, कारण आज पहिल्याच्या आधी दुसरा घास त्यांच्या तोंडात गेला होता. त्यांनी डोळे मिटून तो नीट चावला. 

"यात हळद आहे," अण्णा म्हणाले.

"हो अण्णा," सुमंत म्हणाला. खुलासा करण्याची त्याच्यात ताकद नव्हती.

मग अण्णांनी तिला घास दिला. तिनं तो गिळला न गिळला तोच पुढची मूठ भरली. भूक लागलेली, आनंद झालेला, त्यामुळे नेम चुकला आणि केक अण्णांच्या मिशीत गेला. अण्णांनी तो बोटानं निपटून खाल्ला. "टाकायचं नाही," ते ऋचाला म्हणाले. ऋचानं याचा अर्थ असा घेतला, की अण्णांचं तोंड हे मिशीपाशी संपत नाही. पुढचा घास नाकाला. त्यापुढचा चष्म्याला. अण्णा प्रत्येक घास बोटानं पुसून खात होते आणि तिला तिचा घास चोख भरवत होते, आणि तिचा वेग त्यांच्या बोटापेक्षा जास्त होता. शेवटी तिनं दोन्ही हातांनी एक मोठा गोळा उचलला, उभी राहिली आणि तो त्यांच्या टोपीवर ठेवला.

आणि अण्णा हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग मोठ्यानं, चष्मा पिवळा झालेला, टोपीवरून केक ओघळतोय आणि हसताहेत. सुमंतनं हे हसू कधी पाहिलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं आणि तो हंसांकडे बघत उभा राहिला. चारुशीलाचे डोळे वाहत होते, अवधूत भिंतीला धरून खाली बसला होता, आणि उदयसिंह हसत हसत खटाखट बटण दाबत होता.

केक संपला. ऋचा अण्णांच्या कडेवर गेली आणि ढेकर दिली. अण्णांनी तोंडावरचा केक उपरण्याला न लावता ताटाकडे पाहिलं. ताटाला बराच केक लागून राहिला होता.

"सुमंत, हे कोण संपवणार?"

"अण्णा, मी चौतीस वर्षांचा आहे."

"मग लवकर होईल."

सुमंत धबधब्यापुढे मांडी घालून बसला. ताट दोन्ही हातांनी उचललं आणि चाटायला सुरुवात केली. रोलमधला शेवटचा फोटो तेव्हा निघाला.

फोटो धुऊन आले. हसण्याच्या नादात उदयसिंहाचा कॅमेरा हलला होता. अण्णांची मिशी, नाक, चष्मा, टोपी, सगळं धुक्यात. एकच फोटो लख्ख आला होता. मधोमध ताटात तोंड घातलेला एक सरकारी नोकर, शेजारी केकनं माखलेले अण्णा तोंड उघडून हसताहेत, आणि त्यांच्या कडेवर ऋचा, कोपरापर्यंतचे हात सोडले तर स्वच्छ, फ्रॉकवर डाग नाही. दिलेला शब्द पाळायचा म्हणून चारुशीलानं तोच अमेरिकेला पाठवला. वल्लरीनं फोन करून एवढंच विचारलं, वाढदिवस नक्की कोणाचा होता.

त्यावर भागलं असतं तर सुमंतनं सहन केलं असतं. पण उदयसिंहानं त्या फोटोची मोठी प्रत करून दुकानाच्या काचेत लावली. ऑफिसच्या साहेबांनी येता-जाता पाहिली, आणि फायलीवर सही करताना ते म्हणाले, "काय सुमंतराव, भूक कशी काय आहे?" त्या संध्याकाळी सुमंत तावातावानं स्टुडिओकडे निघाला. फोटो आत्ताच्या आत्ता काढायला लावायचा, नाहीतर वकिलाची नोटीस.

काचेपुढे अण्णा उभे होते. हात मागे बांधलेले. ते फिरायला हल्ली चारभिंतीकडे जात नव्हते, इकडे येत होते, हे सुमंतला तेव्हा कळलं. तो त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला. नोटिशीतलं एक वाक्यही त्याला आठवेना.

"अण्णा, काढायला सांगू?" त्यानं विचारलं.

"असू दे," अण्णा म्हणाले. मग त्यांनी चष्मा वर सरकवला, काचेजवळ वाकले आणि फोटोतल्या ताटावर बोट ठेवलं.

"डाव्या कडेला थोडं राहिलंय बघ."